अख्खं पापलेट, एकटीसाठी

एकटीने बाहेर जेवायला जायचं असेल तर आधी घरातल्या तिघांचा स्वयंपाक करून ठेवावा लागतो, हा प्रवासाचा पहिला नियम मला कोणी सांगितला नव्हता. इरावतीने तर नाहीच. इरावती माझी भाची. पवईला कुठल्याशा कंपनीत आहे आणि सुट्टी मिळाली की पाठीला बॅग लावून एकटीच कुठल्या कुठल्या देशांत जाऊन येते. या खेपेला ती व्हिएतनाममधलं एक बंदराचं शहर बघून आली आणि आमच्या घाटकोपरच्या घरी येऊन मला फोनवर फोटो दाखवायला लागली. एका फोटोत होड्या, दुसऱ्यात ती आणि शेवयांचा एक वाडगा, तिसऱ्यात नुसता वाडगा. मी विचारलं, समोर कोण बसलं होतं? कोणी नाही, म्हणाली. मग जेवताना बोललीस कोणाशी? कोणाशीच नाही. हे ऐकून माझ्या चेहऱ्यावर काय उमटलं कोण जाणे, पण ती हसली आणि म्हणाली, "मावशी, एकटीने जेवायला हिंमत लागते गं. तुला नाही जमायचं."

आता मी अख्खी नोकरी पतपेढीच्या काउंटरवर काढलेली बाई. दोन वाजून गेल्यावर आलेल्या माणसाला, मग तो नगरसेवकाचा मेहुणा का असेना, उद्या या म्हणून सांगायची हिंमत माझ्यात होती. आणि वाडगाभर शेवया एकटीने खायची हिंमत नाही म्हणजे काय? मी त्याच क्षणी ठरवलं की आपणही बंदर बघायचं आणि एकटीने जेवायचं. व्हिएतनामला जायची गरज नव्हती. मेट्रोत बसलं की शेवटचं स्टेशन वर्सोवा, तिथून धक्का, धक्क्यावरून फेरीबोट, पलीकडे मढ. इतकी वर्षं घाटकोपरात राहून मी त्या बोटीत कधी बसले नव्हते.

काय जेवायचं हेही ठरलेलं होतं. भरलेलं पापलेट. अख्खं. गरम. इथे थोडा खुलासा करायला हवा. आम्ही कोकणातले, घरात मासे म्हणजे सण. ते मी निवडते, कापते, मसाला लावते आणि तव्यावर टाकते. पहिली गरम तुकडी श्यामसुंदरांची, म्हणजे आमच्या ह्यांची. मग मुलगा हर्षद, मग सूनबाई मानसी. मधल्या जाड तुकड्या अशा मार्गी लागल्या की तव्यावर उरते शेपूट. मला कोणी शेपूट खा म्हणून सांगितलेलं नाही. वाढणं माझ्याच हातात आहे, आणि वाढणाऱ्याच्या वाट्याला उरलेलं येतं, हे मी माझ्या आईच्या आणि सासूच्या ताटात बघितलेलं आहे. शेपटीचंही मला एवढं दुःख नाही. ती गार झालेली असते, याचं आहे. मी तव्यापाशी उभी राहून प्रत्येकाला विचारते, कसं झालंय? मी ताट घेऊन बसते तेव्हा मला विचारायला कोणी उरलेलं नसतं, सगळे हात धुवून टीव्हीसमोर गेलेले असतात.

बेत जेवताना जाहीर केला. श्यामसुंदर म्हणाले, जेवायला एवढ्या लांब कशाला, घरी काय कमी आहे? हर्षद म्हणाला, मी गाडीने सोडतो, रविवारी सगळेच जाऊ. मानसी म्हणाली, आई, लोकेशन शेअर करून ठेवा. मी तिघांनाही सांगितलं की मी एकटी जाणार आहे. त्यावर श्यामसुंदरांनी जरा वेळ विचार केला आणि विचारलं, "माझं काही चुकलं का?" मी नाही म्हटल्यावर त्यांची काळजी आणखी वाढली.

मग वार. सोमवार ह्यांचा, मंगळवार माझा, गुरुवार मानसीचा आणि शनिवार हर्षदचा. हर्षदचा कशावरच विश्वास नाही, पण इंटरव्ह्यूपासून मारुतीवर तेवढा बसला आहे. उरले बुधवार, शुक्रवार आणि रविवार. रविवारी हर्षद गाडी काढून सगळ्यांना घेऊन येणार, म्हणून तो बाद. आलेल्या बुधवारी नेमकी एकादशी. शुक्रवारी वसुधाकडे हळदीकुंकू. असं करत पुढचा बुधवार मुक्रर झाला. मी एकटी जेवणार, तर बाकीच्यांचे वार मी कशाला बघत बसले, हे मला बुधवारी मेट्रोत बसल्यावर सुचलं.

वसुधा म्हणजे आमच्या समोरच्या दाराची. तिला मी विश्वासात घेऊन सांगितलं, ही पहिली चूक. तिने आधी मी पण येते म्हटलं. तू आलीस तर मी एकटी कशी राहीन, हे मी तिला तीन प्रकारे समजावलं. मग ती रागावली आणि राग गेल्यावर सल्ले द्यायला लागली. बोटीत मध्ये बस. कोणी काही दिलं तर खाऊ नकोस. पर्समध्ये मिरचीपूड ठेव. बाहेरच्या खाण्याचा भरवसा नाही, तेव्हा घरून डबा ने. मी जेवायलाच चालले आहे, असं म्हटल्यावर ती म्हणाली, हो, पण पोटात काही असलेलं बरं.

तळमजल्यावरच्या दादूकाकांनी तर जिन्यातच अडवलं. ऐंशीच्या पुढचे आहेत, गिरणी बंद पडल्यापासून त्याच खुर्चीत बसून येणाऱ्या-जाणाऱ्यांची चौकशी करतात आणि बोलतात अजून मालवणीच. म्हणाले, "गो, येकटी खंय चललंस? आणि जेवतलंस कोणावांगडा?" कोणाबरोबरच नाही, असं मी सांगितलं. त्यावर ते उठले. मग आत गेले आणि थर्माकोलची भलीमोठी पेटी घेऊन आले. बंदरावर चाललीच आहेस तर मला चार बोंबील आण, एवढंच त्यांचं म्हणणं होतं.

म्हाताऱ्या माणसाला बोंबलाला नाही कसं म्हणणार? मी पेटी घेतली. आणि ती पेटी घेऊन जिना चढताना मला आमच्या सोसायटीचे सेक्रेटरी धोंडिराम गायकवाड यांनी पाहिलं. गायकवाड सोलापूरकडचे, सरकारी खात्यातून निवृत्त, माणूस सज्जन, पण कोणतीही गोष्ट परिपत्रक काढल्याशिवाय घडली असं त्यांना वाटतच नाही. संध्याकाळी सोसायटीच्या ग्रुपवर मजकूर आला: "सर्व सभासदांस कळविण्यात येते की, सौ. सुलक्षणाताई येत्या बुधवारी वर्सोवा बंदर येथे मासळी आणण्याकरिता जात आहेत. इच्छुकांनी आपली मागणी आदल्या दिवसापर्यंत नोंदवावी. मासळीच्या ताजेपणाबाबत सोसायटी जबाबदार राहणार नाही."

मी लगेच खाली लिहिलं की मी मासळी आणायला नाही, फिरायला चालले आहे. त्यावर सतरा अंगठे आले आणि त्यापाठोपाठ मागण्या. कोणाला सुरमई, कोणाला हलवा, कोणाला कोलंबी पण सोललेली. गायकवाडांनी स्वतःसाठी काटे नसलेला कोणताही मासा मागितला. कोकणातल्या माणसाने बंदरावर जाऊन रिकाम्या हाताने परत येणं हा आमच्याकडे गुन्हाच आहे. आजारी माणूस बंदरावरून गेला तरी शेजारी पिशवी देतात. सगळ्यांत शेवटी मागणी आली ती घरातून. श्यामसुंदर म्हणाले, जातेच आहेस तर आपल्याला एक मोठं पापलेट घे. रात्री कर.

म्हणजे एकटीने पापलेट खाऊन यायचं आणि रात्री पुन्हा तव्यापाशी उभं राहायचं. रद्द करावं असं एकदा मनात आलं. पण इरावतीचं "तुला नाही जमायचं" कानात होतं. मी पेटीला दोरी बांधली.

बुधवारी सकाळी पोळ्या, भाजी, आमटी करून ठेवली आणि निघाले. मेट्रोच्या दारात तपासणीवाल्या बाईने पेटी उघडायला लावली. आत काही नव्हतं. तिला ते पटेना. "खाली है तो लेके क्यों जा रहे हो?" तिचा प्रश्न मला फारच मुद्देसूद वाटला. तिने साहेबाला बोलावलं, साहेबाने पेटी हलवून बघितली, कानाला लावली. काचेच्या पलीकडून कॉलेजची मुलं बघत होती. शेवटी मी पतपेढीच्या आवाजात म्हटलं की रिकामी पेटी नेऊ नये असा नियम असेल तर दाखवा. नियम नव्हता. पेटी मांडीवर घेऊन मी वर्सोव्याला पोचले आणि वाटेभर शेजारच्या मुलीने आपली बॅग माझ्यापासून लांब धरली, जणू पेटीला भविष्यातला वास येत होता.

बंदरावर मात्र मी रमले. थंडीचे दिवस, ऊन कोवळं, दोऱ्यांवर वाळत घातलेले बोंबील, आणि बोटींवर वाऱ्याने फडफडणारे झेंडे. मासळी सकाळचीच घ्यावी लागते, दुपारी काही उरत नाही, म्हणून आधी सोसायटीचं काम उरकलं. पापलेटाच्या वेळी श्यामसुंदरांनी व्हिडिओ कॉल केला. कल्ले दाखव. वर धर. उलटं कर. त्यांनी तिथे सोफ्यावर बसून एकेक पापलेट नापास केलं आणि शेवटी एक पसंत पडलं, चांगलं तळहाताहून मोठं, शेपटीचा एक कोपरा तुटलेला. मी म्हटलं, हे तुटकं कशाला? "शेपूट कोण बघतंय," ते म्हणाले.  कोळणीने पापलेट पेटीत टाकलं, वर बर्फ टाकला आणि झाकण लावलं.

फेरीबोटीत मी मध्ये नाही, कडेला बसले. पलीकडचा किनारा इतका जवळ की वसुधाची मिरचीपूड मधल्या वेळेत काढताही आली नसती. पण वारा होता, पाणी होतं आणि कोणी मला काही मागत नव्हतं. पाच मिनिटं का होईना, मला फार बरं वाटलं. शेजारच्या बाईने विचारलं, कोणाकडे चाललात? मी म्हटलं, कोणाकडेच नाही, जेवायला. तिने पेटीकडे बघितलं आणि विषय सोडून दिला.

मढला उतरल्यावर एक खानावळ दिसली. दारात मसाल्याचा वास, बाहेर फळ्यावर पहिलंच नाव भरलेलं पापलेट. मी ताठ मानेने आत शिरले. गल्ल्यावरच्या माणसाने मान वर केली आणि मी तोंड उघडायच्या आत म्हणाला, "मावशी, माल मागच्या दाराने. कवापासून वाट बघतोय." आणि वाढप्याने येऊन माझ्या हातातली पेटी घेतली आणि आत नेलीसुद्धा.

मी ठेवणीतली साडी नेसले होते. गळ्यात मोत्याची माळ होती. मी त्याला सांगितलं की मी माल द्यायला आलेली नाही, मी गिऱ्हाईक आहे. तो ओशाळला. बसा बसा, म्हणाला. किती जण? एक. बाकीचे मागून येतायत का? नाही. मग त्याच्यापुढे खरी अडचण उभी राहिली, आणि तिच्या नादात आत गेलेल्या पेटीचा त्यालाही विसर पडला आणि मलाही. बाहेरच्या बाकांवर पुरुष मंडळी बसतात, तिथे बाईमाणसाला बसवत नाहीत. आतली खोली फॅमिलीसाठी आणि एका माणसाची फॅमिली होत नाही. त्याने आत जाऊन मालकिणीला विचारलं, बाहेर येऊन पुन्हा मला विचारलं की निदान पार्सल चालेल का. इतक्या दूर येऊन, मेट्रोत पेटी तपासून घेऊन, मी पार्सल नेणार होते? मी फॅमिली खोलीत गेले, सहा जणांच्या टेबलाच्या मधोमध बसले आणि म्हटलं, "मीच फॅमिली. भरलेलं पापलेट आणा. अख्खं."

वाढप्या म्हणाला, पापलेट आज आलंच नाही.

त्या क्षणी मला रडू यायचं बाकी होतं. भिंतीवरच्या कॅलेंडरकडे बघत मी बसून राहिले. बुधवार शोधला, वार पाळले, अख्ख्या सोसायटीचं ओझं वाहिलं, आणि आता बोंबील खाऊन परत जायचं? तेवढ्यात तोच वाढप्या पडद्यातून डोकावला आणि आनंदाने म्हणाला की आहे, आत्ताच आलंय. मी मनातल्या मनात गावच्या देवाला नारळ बोलले.

ताट आलं. मधोमध पापलेट, अख्खं, पोटात हिरवी चटणी, वर रवा तडतडतोय, वाफ थेट चष्म्यावर. मी चष्मा पुसला, पुन्हा घातला आणि पापलेटाची शेपूट बघितली. तिचा एक कोपरा तुटलेला होता.

मी एकही घास न घेता उठले आणि पडद्याआड स्वयंपाकघरात गेले. आमच्या सोसायटीची सभाच भरली होती तिथे. पहिल्या मजल्याची सुरमई कढईत, वसुधाची कोलंबी कालवणात, दादूकाकांचे बोंबील दगडाखाली दबून पडलेले. पेटी धुऊन उपडी घातलेली होती. मालकीण चुलीपाशी उभी होती, कोळीवाड्यातलीच, अंगाने भारी, कपाळावर मोठं कुंकू. मी म्हटलं, ही मासळी माझी आहे. तिने गल्ल्यावाल्याला हाक मारली, गल्ल्यावाल्याने वाढप्याला, आणि मग तिघांना उलगडा झाला. रोज मासळी आणणारी तिची नणंद आज आलीच नव्हती, आणि तिची वाट बघत असताना मी अशीच पेटी घेऊन दारात उभी राहिले, तेव्हा तिनेच मला पाठवलं असं त्यांना वाटलं. मालकिणीने डोक्याला हात लावला. आता काय करू बाय, म्हणाली, शिजवलेलं पुन्हा कच्चं कसं करू?

तेवढ्यात माझा फोन वाजायला लागला. स्क्रीनवर श्यामसुंदरांचं नाव. मालकीण माफी मागत होती, गल्ल्यावाला वाढप्याला झापत होता आणि वाढप्या मला पाणी देत होता. या सगळ्यात मला एकच गोष्ट दिसत होती, ती म्हणजे पलीकडच्या टेबलावर माझ्या ताटातून येणारी वाफ कमी होत चालली होती. घरचं पापलेट होतं ते, ह्यांनी स्वतः निवडलेलं. ते खाल्लं तर रात्री घरात काय सांगायचं, हा प्रश्न होताच.

"थांबा," मी म्हटलं. "जे काय बोलायचं ते नंतर बोलू. आधी मी जेवते. ते गार होईल."

मी फोन बंद केला आणि जाऊन बसले. बसले आणि माझ्या हाताने काय केलं बघा. बोटांनी पापलेटाचे तुकडे पाडले, मधले दोन मोठे तुकडे ताटाच्या कडेला नीट सरकवून ठेवले आणि शेपूट उचलली. शेपूट तोंडापर्यंत आली तेव्हा माझ्या लक्षात आलं. त्या टेबलावर कोणी नव्हतं. कडेला सरकवलेले तुकडे कोणाचेच नव्हते. मी शेपूट खाली ठेवली, ताट फिरवून घेतलं आणि मधला तुकडा खाल्ला. जीभ भाजली. डोळ्यांत पाणी आलं, ते मिरचीचं होतं असं मी वाढप्याला सांगितलं. मग सावकाश, एकेक काटा बाजूला काढत, सगळं खाल्लं. शेपूटही खाल्ली, कारण ती कुरकुरीत होती आणि गरम असताना कुरकुरीत शेपूट काय लागते हे मला आजवर माहीतच नव्हतं.

मालकीण पडद्यापाशी उभी राहून बघत होती. बिल विचारलं तर म्हणाली, तुझंच पापलेट तुला काय विकू? तोपर्यंत तिची नणंद धापा टाकत पोचली होती. आज जाळ्यात दुसरं काही आलंच नव्हतं, पेटीभर नुसती मांदेली. मालकिणीने ती सगळी माझ्या पेटीत ओतली. अशी अदलाबदल झाली, दोघींनी हात जोडले. ज्यांना माहीत नसेल त्यांच्यासाठी सांगते, मांदेली चवीला उत्तम, पण बोटाएवढी असते आणि प्रत्येकीचं डोकं वेगळं काढावं लागतं. तळायला पाच मिनिटं आणि साफ करायला अख्खी संध्याकाळ.

आता पेटी भरलेली होती, म्हणून मेट्रोच्या वाटेला गेलेच नाही, वर्सोव्याहून रिक्षा केली. फाटकात सगळे जमले होते, हातांत पातेली, डबे, एकाकडे तर परात. मी झाकण उघडलं.  सुरमईवाले पेटीच्या तळाशी बघत होते. वसुधा म्हणाली, कोलंबी फार बारीक दिसते गं. मी झालेला प्रकार जसाच्या तसा सांगितला, आणि त्यावर कोणाचाही विश्वास बसला नाही. गायकवाडांनी मांदेलीला काटे असतात का, एवढं विचारलं आणि ग्रुपवर टाकलं की सोसायटीने आधीच कळवल्याप्रमाणे सोसायटी जबाबदार नाही. दादूकाका तेवढे खूश होते. मांदेली त्यांना बोंबलाहून आवडतात म्हणे. त्यांनी मला जवळ बोलावून हळूच विचारलं, "जेवलंस मां पण?" मी हो म्हटलं.

घरी श्यामसुंदर तवा काढून बसले होते. कौतुकाची गोष्ट, कारण तवा कुठे असतो हे त्यांना माहीत आहे हे मला माहीत नव्हतं. मानसी आणि हर्षदही स्वयंपाकघरात आले. मी मांदेलीचं पातेलं ओट्यावर ठेवलं.

"आपलं पापलेट?" श्यामसुंदरांनी विचारलं.

"खाल्लं."

"मी निवडलेलं?"

"तेच."

"सगळं?"

"सगळं. शेपटीसकट."

 हर्षदने तोंड उघडलं, मानसीने त्याचा हात दाबला. मी मनातल्या मनात उत्तरं जुळवून ठेवली, वाढप्यापासून नणंदेपर्यंत, अगदी क्रमाने. त्यातलं एकही लागलं नाही. श्यामसुंदरांनी हातातला तवा खाली ठेवला आणि विचारलं, "कसं होतं?"

इतक्या वर्षांत हा प्रश्न मी विचारला होता. मला कोणी विचारला नव्हता. चटणीत कोथिंबीर बेताची होती, कोकम जरा जास्त, रवा जाड, हे सगळं मला सांगता आलं असतं.

"गरम होतं," मी म्हटलं.

 त्यांनी स्टूल ओढून घेतलं, पातेलं मांडीवर घेतलं, पहिली मांदेली उचलली आणि तिचं डोकं कुठून काढायचं ते मला विचारलं.